उजवी पाकळी

— तेच तर सांगतेय, मामा. कौलाला ‘का’ म्हणून विचारायचं नाही. मला बोलता यायला लागलं तेव्हापासून हे ऐकतेय. चूल का विझली विचार, गाय का आटली विचार, पण देवानं दिलेल्या कौलाला का विचारायचं नाही — पाप लागतं म्हणे. ती गुळाची ढेप जरा पलीकडं सरकवता का? पाय हलवायला जागा नाही मला. इकडं खिडकीला गज, तिकडं तुम्ही, आणि पुढच्या बाकावर ते दोघं. फेटा बांधलेले माझे वडील, आण्णा. शेजारी त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. नाही हो, त्यांना कुठलं ऐकू जातंय! या चढावर इंजिनापुढं कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. म्हणून तर बोलतेय.

कुठं म्हणजे? गावच्या देवाला. मला गडहिंग्लजला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून घेतलंय — हे बघा पत्र, सोमवारी हजर व्हा असं स्वच्छ लिहिलंय — आणि हीच एस्टी पुढं गडहिंग्लजला जाते, पण आम्ही अलीकडं फाट्यावर उतरायचं. का? तर देवानं उजवा दिला तर नोकरी, डावा दिला तर लग्न. हुपरीचं स्थळ तयार आहे, घरात पैंजणांचा कारखाना, मुलगा सातवी पास. कसा देतो म्हणजे? तुमच्याकडं कौल लावत नाहीत? देवाच्या दगडाला दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. झाला निकाल! आत्यानं तर परवाच्या निवडणुकीलाही लावला — कुणाच्या पेटीत चिठ्ठी टाकू म्हणून. खरंच सांगतेय, हसू नका. उमेदवार तीन आणि बाजू दोनच, म्हणून तिसऱ्याला तिनं आधीच बाद करून टाकला. संस्थान गेलं, स्वराज्य आलं, आमच्या घरात अजून त्या दगडाचंच राज्य.

काय म्हणालात? ‘देव न्हाय असं म्हणू नये, पोरी’ — का म्हणू नये? आहे तर दाखवा. तुमची म्हैस अंगाऱ्यानं उठली — बरं. आणि गुरांच्या डॉक्टरनं सुई टोचली म्हणालात ती कुणाला, तुम्हाला? बघा, तुम्हालाच हसू आलं. नाही, तुमची ही तुळशीची माळ मी काढा म्हणत नाही. तुमची माळ तुमच्याच गळ्यात आहे. आमच्या आण्णांचा देव माझ्या गळ्यात आहे, हा फरक बघा की! ‘देव भल्याचंच करतो’ — हां, हे आत्याचं वाक्य. कुणाच्या भल्याचं ते मात्र तीही सांगत नाही, तुम्हीही सांगणार नाही.

पुस्तकं वाचून डोकं फिरलं? सगळे हेच म्हणतात. आण्णा तर माझ्या कॉलेजच्या नावानं खडे फोडतात. पुस्तकं मी पुढं वाचली, मामा. माझा देव अकराव्या वर्षीच संपला. कसा — जाऊ दे. नाही, काही नाही. तुम्ही परके, फाट्यावर मी उतरले की संपलं, तुम्हाला सांगायला काय हरकत आहे?

आमच्या भावकीत पाकळी गुरव लावत नाही. घरातल्या कुमारिकेनं लावायची — तिच्या हाताला पाप नसतं. तेव्हा आम्ही गावातच राहायचो, आई आजारी होती. पोटात गाठ. डॉक्टर म्हणाले, मिरजेला न्या, आजच न्या, कापावं लागेल. स्टेशनला जायला आण्णांनी गाडी जुंपली होती, बैल दारात उभे — आणि आत्या म्हणाली, आधी कौल. मला डोक्यावरून अंघोळ घातली, देवळात नेलं. आण्णा म्हणाले, ‘न्यायची असंल तर उजवा दे.’ आणि मामा, माझे आजोबा मिरजेला गेले होते ते परत आलेच नव्हते. मला एवढंच ठाऊक — मिरजेला गेलेलं माणूस येत नाही. मी उजवी पाकळी अंगठ्यानं दाबली. रस निघेपर्यंत दाबली. डावी नुसती टेकवली. डावी पडायला कितीसा वेळ लागणार? आण्णांनी हात जोडले, घरी आले, बैल सोडले. नवव्या दिवशी आई गेली. ते नऊ दिवस मी वाट बघत होते — देवाला तर कळलंय ना, तो कुणाच्या तरी स्वप्नात जाईल, सांगेल, या पोरीनं लबाडी केलीय, तिच्या आईला न्या. माझा अंगठा सुजेल, निदान तेवढं तरी. काही नाही. अंगठा चांगला धडधाकट. ‘देवाची इच्छा’ — आण्णा अजून असंच म्हणतात. अहो, कुठला देव! अकरा वर्षांच्या पोरीची इच्छा होती ती — आई घरात असावी.

आजही पाकळी मीच लावायचीय. ‘मग उजवी सैल लाव की’ — तुम्हालाही तेच सुचलं ना? मलाही सुचलं, गेले आठ दिवस दुसरं काही नाही डोक्यात. उजवी सैल, डावी दाबून, सोमवारी शाळेत. पण ती पडली की आण्णा हात जोडणार, डोळे पुसणार, म्हणणार, बघ विमल, तुझ्या आईच्या वेळी यानंच सांगितलं, आताही यानंच. आणि मी मान डोलवायची? आईला मारलं त्याच अंगठ्यानं नोकरी घ्यायची? —

काय झालं? पुढं काय बघताय? अगंबाई, गाडी उभी आहे. केव्हा थांबली? ड्रायव्हर खाली पाणी ओततोय — म्हणजे इंजिन बंद — केव्हापासून बंद आहे, मामा? सांगा ना. मिरजेचं मी बोलले तेव्हा चालू होतं की नाही?

आण्णा.

नका वळू, राहू दे. ऐकलंत ना? मग खरंच आहे ते. नाही आत्या, अंगात आलेलं नाही माझ्या, शुद्धीवर आहे मी. कंडक्टर, माझं तिकीट गडहिंग्लजपर्यंत वाढवा. हो, एकटीचं. या दोघांना फाट्यावर उतरू दे, मी उतरणार नाही. पाकळी लावणार नाही, आण्णा — उजवी नाही, डावी नाही, माझ्यासाठी नाही, दुसऱ्या कुणासाठी नाही. नोकरी मला हवी आहे म्हणून मी जातेय, एवढंच कारण.

बोला की, आण्णा. रागवा तरी. — आत्या, तू बोल. इतकी वर्षं देवाच्या नावानं तुम्ही दोघंच तर बोलत आलात.