दोघांची इटलीची सहल

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत माझ्यापुढं दोन बाया बोलत होत्या.

"केवळाअक्का, लेकानं परदेशातून भेट धाडली म्हणं?"

"सहल धाडली, पंचफुला. आम्हा दोघांला इटलीला जायचंय. तिथं सैपाक शिकायचा, पोटभर खायचं, द्राक्षाची दारू चाखायची."

"अगं बाई! दाजी दारू पिणार?"

"लेक म्हणतो, बाबा, जलमभर ठेचा-भाकर खाल्ली, आता जरा चवीनं खावा."

"त्याला दाजीच्या घशाचं ठावं न्हाई?"

"न्हाई सांगितलं. नोकरी सोडून पळत येईल."

"ऑपरेशन होणार होतं की."

"दवाखान्यात पाणीच न्हाई, म्हणून पुढं ढकललं. आता डॉक्टर म्हणतेत, गाठ लई वाढली, उपयोग न्हाई."

"मंग लेकाला काय म्हणलीस?"

"येतो म्हणलं. त्यानं तिथल्या ताटांचे फोटो धाडलेत. बाबा, काय शिकायचं ते निवडून ठेवा, म्हणला."

"आन् दाजी?"

"रोज बघतेत. मी नाकातल्या नळीतून पेज सोडते, तवा मोबाइल डोळ्यापुढं धरायला लावतेत."