म्हाताऱ्या कुत्र्याची पाण्याची वाटी

मांजराच्या लसीसाठी मी बाळाला कडेवर घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात थांबले होते. शेजारच्या बाकावर सासू-सून, पायांशी त्यांचा म्हातारा कुत्रा.

“आई, तो पाणी किती पितो ते डॉक्टर आधी विचारतील. त्यावरच किडनीचं औषध ठरणार. रोज दोन वाट्या संपवतो, असं सांगू या.”

“सांग.”

“मी वाटीत आपल्या अल्कलाइन मशीनचं पाणी भरते ना, त्याने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी होतो. म्हातारपणी पेशी गंजतात, ते थांबतं.”

“त्याला सांगितलंस का हे?”

“चेष्टा नको. वाटी रोज रिकामी असते, म्हणजे मानवलंय त्याला.”

“वाटी मी रिकामी करते गं.”

“ओतून देता?”

“ओतीन कशी? एवढं गुणाचं पाणी! मीच पिते.”

“आणि तो?”

“तो तोंड लावेल तर शपथ! त्याला बागेतल्या नळाखालचं डबकं लागतं. सकाळ-संध्याकाळ तीन जिने उतरवून नेते.”

“अहो, चुकीचं औषध दिलं असतं ना त्याला! आधी का नाही बोललात?”

“रिकामी वाटी बघून तू किती खूश व्हायचीस.”

“थांबा, थांबा. तुमचे गुडघे! हल्ली कुरकुर नाही तुमची. बघा, लागू पडलं की नाही पाणी?”

“अगं, ते जिने...”

“पाणीच ते!”

आतून हाक आली.

“चला, आई. डॉक्टरांना खरं तेच सांगू. उद्यापासून त्याला खाली मी नेईन. तुम्ही नुसतं बसून पाणी प्यायचं.”

“पाणी तू पी, बाई. कुत्रा माझ्याकडे राहू दे.”