गेनू डवरी आन् घोडखिंडीतला चकवा

या, सरकून बसा. दाराकडं पाठ करू नका कुणी. हां, आता ऐका.

आमच्या मुलखात गेनू डवरी म्हणून एक गडी व्हता. किंगरीवाला. खांद्यावर तारेची किंगरी, काखेत झोळी, आन् दारोदार गाणं. पण आवाज कसा? जात्यावरची बाई दळायची थांबायची! एका जत्रेत त्याला मुंबईच्या फोनोवाल्यांनी ऐकलं आन् प्लेटी, म्हंजी गाण्याच्या तबकड्या, काढायला घेऊन गेले. तिथं भोंग्याम्होरं उभं केलं. म्हणाले, "तीन मिनिटांत संपव." अवो, ह्याचं एकेक गाणं अर्ध्या रातीचं! तरी गायला बिचारा. सहा गाणी दिली.

परत आला तवा दिवस मावळलेला. ठेसनावर हैबती हमाल धावतच आला. "गेनूदादा, पळ! सगुणावैनीचं पोट दुपारधरनं दुखतंय. मूल आडवं हाय म्हणत्यात. तुझं नाव घेऊन रडतीया."

सडकेनं सात कोस. घोडखिंडीनं दोन. "खिंडीनं नगं," हैबती म्हणाला. पण बायको मरणाच्या दारात असल्यावर कोण ऐकतंय? निघाला!

खिंडीत एक काळी धोंड हाय, बसल्या म्हशीवाणी. ती मागं टाकली. चालला, चालला, चालला. बघतोय तर म्होरं तीच धोंड! भूल उतरावी म्हणून वहाणा उलट्या पायांत घातल्या, पुन्हा चालला. पुन्हा धोंड! चकवा, दुसरं काय? मग मागं कुणीतरी गुणगुणाया लागलं. ह्यानं मान वळवली न्हाई. शाणा व्हता. मग म्होरनं गाणं आलं. आन् आवाज कुणाचा? ह्याचाच! अंगावर काटा आला. तरी गप्प ऱ्हायला.

आन् मग वरच्या अंगानं सगुणेची हाक आली. "धनी, या की वो! लई दुखतंय!"

"आलो गं!" ह्याच्या तोंडनं गेलंच!

झालं! चकव्याला ओ दिली म्हंजी संपलं. अंधार बोलला, "गाणं दे. वाट घे."

काय करतो? किंगरी काढली आन् गायला. धोंड हटली. वाट दिसली. शंभर पावलं गेला, पुन्हा धोंड. "आनखी दे." दुसरं गायला. चालता चालता पहिलं आठवाया गेला, तर जिभेवर अक्षर न्हाई! चाल न्हाई, शबूद न्हाई. तवा त्याला उमगलं, काय जातंय ते.

पण उमगून उपेग काय? तिकडं सगुणा किंचाळत व्हती. तिसरं दिलं. पाचवं दिलं. दहावं दिलं. शेवटी एकच ऱ्हायलं. त्याची आई त्याला पाठीशी बांधून गायची, ते.

"ह्ये नगं मागूस," गेनू हात जोडून म्हणाला. "माझ्या आईचं हाय."

आन् सगुणेनं अशी आरोळी ठोकली की गेनू मटकन खाली बसला. रडत रडत गायला. शेवटच्या ओळीला बर्फावाणी हात गळ्याला लागला! हिसडा मारला, अंगावरचं घोंगडं त्याच्या हातात सोडलं आन् पळाला. पडला, उठला, पळाला. गावच्या पांदीत येऊन कोसळला, तवा कोंबडं आरवत व्हतं.

घरात शिरला. सगुणा निजलेली, कुशीत लेक. सुईण म्हणाली, "आरं, ही तर दिवेलागणीलाच मोकळी झाली. तुझी वाट बघून बघून झोपली."

दिवेलागणीला! म्हंजी ह्यो ठेसनावर उतरला तवाच! मग खिंडीत कोण रडत व्हतं, सांगा!

लेकीला मांडीवर घेतलं, गायला तोंड उघडलं. एक ओळ आली न्हाई. कधीच आली न्हाई.

चार महिन्यांनी प्लेटी आल्या. दुकानाम्होरं सारं गाव जमलं. भोंग्यातनं गाणं निघालं आन् म्हाताऱ्या बाया डोळं पुसाया लागल्या. गेनूबी रडला. मग शेजारच्याला हळूच इचारलं, "कोण रं ह्यो गडी? लई आतनं गातोय."

सगुणेनं तोंडात पदर कोंबला.

खिंड अजून तिथंच हाय, पोरांनो. दिवसा गुरं जात्यात. रातीचं जाऊ नका. कितीबी घाई असू द्या. आन् गेलाच, तर आपलं माणूस रडताना ऐकाया येईल. काळीज फाटंल. फाटू द्या. ओ देऊ नका.