चार बोटांची पोकळी

नको, तो काचेचा कापूस आत ठेवा, श्रीकांतराव — गुंडाळी सोडूच नका. धागा निघतो त्याचा. हात खाजतात ते सोडा, छातीत गेला म्हणजे? मला धागा नको, धूळ नको, बस. दुसरं काय आहे ते दाखवा. हौ, चुलीसाठीच. रॉकेट चूल म्हणतात — आत वाकडा पाइप, बाहेर तेलाचा पंधरा लिटरचा डबा, आणि दोघांच्या मधे चार बोटांची पोकळी. सगळी करामत त्या चार बोटांत. तिथं हलकं काहीतरी भरायचं, आतली आच बाहेर येऊ द्यायची नाही. पाइप असा तापतो की धूरसुद्धा आतच जळून जातो.

आता तुम्ही म्हणाल, मलकपेठेत राहता, घरात गॅस आहे, मग हे कायकू? त्रिवेणीसाठी. आमची मंडळी परभणीकडची. बेचाळीस वर्षं झाली हैदराबादेत येऊन, पण गॅसवरची भाकरी तिला अजून भाकरी वाटत नाही. गच्चीवर तीन विटा मांडून करायची आणि मग दिवसभर खोकायची. डॉक्टरांनी सांगितलं, छाती नाजूक आहे, धूर बंद. त्या दिवशी ती नीट जेवलीसुद्धा नाही. मी म्हणालो, थांब, बिनधुराची करून देतो. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, एक चूल जमणार नाही का मला?

नाही जमली. पहिल्यांदा वाळू भरली — वाळूच सगळी आच पिऊन बसली. मग राख भरली, ती आठ दिवसांत खाली बसली, वरची पोकळी तशीच. मग — हे काय, पांढरं? परलाइट? थांबा, ओतू नका, ओतू नका म्हणतो ना — बघा, उडाली की नाही धूळ. बंद करा ते. माफ करा, आवाज चढला. चार दिवस झाले, माझं डोकं ठिकाणावर नाही.

मग मला गच्चीवरचे जुने पत्रे दिसले. सिमेंटचे, नागमोडी. तुमच्या वडिलांकडूनच नेले होते, शहाण्णव साली — तुम्हीच तर हातगाडीवर चढवून दिले होते, आठवतंय? म्हटलं, पत्रा जळत नाही, आगीला भीत नाही, उगंच पडून आहे, याच्याहून चांगलं काय? हातोड्यानं कुटले दोन. खडे राहिले तर त्रिवेणी म्हणाली, सरका, चाळायला कुठं येतंय तुम्हाला. आणि पिठाची चाळणी घेऊन बसली. सलग तीन दुपारी. मी कुटतोय, ती चाळतेय, माहेरच्या गप्पा चालल्यात. केसांपासून पायांपर्यंत पांढरी झाली होती — मी हसलो तिला, म्हटलं, गिरणीत नोकरी धर आता.

चूल झकास पेटली हो. धूर नाही, काही नाही. भाकरी फुगली तशी तिनं गच्चीवरून हाक मारून मला वर बोलावलं, बघायला. आणि रविवारी नात आली, शिवानी, विद्यानगरला शिकते. चुलीचे फोटो काढता काढता तिनं विचारलं, आजोबा, आत काय भरलंय? मी ऐटीत सांगितलं. पोट्टीचा चेहराच उतरला. मोबाइलवर वाचून दाखवलं तिनं — जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचा बारीक धागा असायचा म्हणे, कुटला की उडतो, छातीत जाऊन बसतो, वीस-वीस वर्षं पत्ता लागत नाही. आगीतून फुफाट्यात घातलं मी त्रिवेणीला, श्रीकांतराव. तिच्या छातीसाठीच करत होतो ना सगळं?

तेव्हापासून एकच आठवत बसलोय — चाळताना तिच्या नाकाला पदर होता का? पहिल्या दिवशी होता. दुसऱ्या दिवशी असावा. तिसऱ्या दिवशी तर ती सारखी बोलत होती, बोलताना पदर कसा राहील? तिला सांगितलं नाही अजून. शिवानीला शपथ घातलीय. चूल पाणी मारून ओली केली, तोंडाला फडकं बांधलं, सगळं गोणीत भरलं — आता सुचतेय ही खबरदारी. तिला म्हटलं, पाइप फुटला. चाळणीपण त्याच गोणीत घातली. ती शोधतेय चार दिवस.

खरं सांगू, मी सामानासाठी नाही आलो. सगळ्याच पत्र्यांत नसेल ना तो धागा? तुम्हाला ठाऊक असेल, तुमचा धंदा आहे. वडील तसला माल ठेवत नसतील. खाली काय बघताय?

राहू द्या. नका सांगू. ते अभ्रकासारखं चकाकणारं आहे ना, कुंडीच्या मातीत घालतात ते — दोन पोती द्या. चिखलात कालवून भरीन, ओलंच. थांबा, तिचाच फोन आहे.

हां, बोल. — जामबागेत, श्रीकांतरावांच्या दुकानात. — चाळणी? नाही गं, मी कुठं पाहिली. नवी आणतो येताना. — आणि ऐक. आत्ता खोकलीस का तू? — काही नाही, सहज विचारलं. ठेव.

बांधा हो पोती, श्रीकांतराव. उभे काय राहिलात.