जर्मेनियमची पूजा

…आणि बोट लावू नका म्हटलं की माणसं नेमकं बोटच लावत्यात, तुम्हाला सांगतो. माल नाजूक हाय, हात लावायचा न्हाय, एवढं साधं वाक्य, पण आमच्या घरात मी ते महिनाभर रोज म्हणत हुतो, देवाचं नाव घ्यावं तसं.

झालं काय, आमची प्रियदर्शनी गिटार वाजवती. खंडेनवमीला संध्याकाळी कॉलनीत तिचा पहिला कार्यक्रम. ती म्हणली, "पप्पा, एक फझ पेडल आणूया." म्हणजे पायानं दाबायची डबी, दाबली की गिटारीचा आवाज फाटून घुमतो. आता मी कागल एमआयडीसीत वीस वर्षं क्वालिटीला, केसभर फरक असला तर माल परत धाडणारा माणूस, मी विकतची आणू? म्हटलं, पप्पा करून देतो. कुणी सांगितलं हुतं?

त्यात जुनं जर्मेनियमचं ट्रान्झिस्टर लागत्यात, म्हणजे रेडिओच्या पोटातलं तीन पायांचं बारकं पार्ट, दोन नग. नव्या सिलिकॉनला म्हणं ती माया न्हाय… म्हणं हां, मला दोन्ही सारखंच ऐकू येतंय, पण बोलायचं कुणाला? भंगारवाल्या जिनेंद्रशेटकडनं मेलेले रेडिओ आणले, साठ नग उपटले आणि बसलो मीटर घेऊन. जोर किती ते बघायचं आणि गळती किती ते बघायचं, कारण ह्यो गडी बंद असला तरी त्यातनं जुन्या नळासारखा करंट गळतोय. त्यात ऊब लागली की गळती वाढती, मीटरवर जोराचा आकडा फुगतो, आपल्याला वाटतं काय पैलवान गावलाय. नुसतं बोटांत धरलं तरी फुगतो. म्हणून चिमट्यानं उचलायचं, निवू द्यायचं, मग मोजायचं. अनुजा, म्हणजे आमची मंडळी, चहा घेऊन आली की मी ओरडायचो, "कप लांब! माल नाजूक हाय, हात लावायचा न्हाय." ती म्हणायची, "अवो, पोरगी तान्ही हुती तवा एवढं जपलं न्हाईसा." खरं हाय की.

साठातनं अठ्ठावन्न नापास. दोन निवडले, डबी केली, आणि वाजली… काय वाजली म्हणता. पोरीनं मिठीच मारली. म्हणली, "पप्पा, सुरुवातच हिनं करणार."

खंडेनवमी आली. आता हत्याराची पूजा नको? कामावर लेथ मशीन पुजतोय, घरात पान्हे पुजतोय, डबीनं काय पाप केलंय? पाटावर मांडली, हळद-कुंकू, झेंडूचं फूल, पुढं निरांजन. अनुजा म्हणली, "जरा लांब ठेवा की." म्हटलं, देवाच्या उजेडाला लांब ठेवतंय व्हय कोण? अगदी चिकटून ठेवलं. वर कापूर. तासभर. माल नाजूक हाय, हात लावायचा न्हाय म्हणणारा मी, तुम्हाला सांगतो, स्वतःच्या हातानं पत्र्याची डबी शेकत बसलो, डोळं मिटून. आणि प्रसाद खाऊन तशीच ऊन ऊन उचलून स्टेजवर.

पोरीनं पाय दाबला. डबी घशात भाकरी अडकल्यागत दोन-तीनदा गुरगुरली आणि गप्प. पोरगी माझ्याकडं बघतीया, डोळ्यांत पाणी… आणि मला तिथंच उमगलं काय करून बसलोय. लई वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तिनं नाक पुसलं, डबीतनं गिटारीची वायर उपटली, सरळ आवाज मोठा करणाऱ्या अँपमध्ये खुपसली आणि असं वाजवलं, की टाळ्या थांबंनात.

कार्यक्रम संपल्यावर शेजारचे आण्णा पाठीवर थाप मारून म्हणाले, "सयाजी, पोरगी झकास वाजवती. ती डबी बंद पडल्यावर तर लईच ग्वाड लागलं. कशासाठी हुती ती?"

म्हटलं, "आण्णा, बंद पडायसाठीच बनवलीया. महिना लागला."