ओझासाहेबांचं पस्तानं

नाही हो, चहाला कुठे नाही म्हणतोय मी, चहा घ्या की — भाषणाला नाही म्हणतोय. ते कार्ड आधी बशीखालून काढा, डाग पडेल. 'प्रमुख वक्ते, अंधश्रद्धा निर्मूलनाचे भीष्माचार्य श्री. अनंतराय ओझा' — भीष्माचार्य कुणी घातलं? तुम्हीच? नवीन दिसताय भावनगरात. कोपऱ्यावर पानवाल्याला माझं घर विचारलंत तेव्हा तो हसला की नाही? हसला ना? मग त्याला विचारायचं होतं, का रे बाबा हसतोस. कार्ड छापायचा खर्च वाचला असता.

आता आलाच आहात तर ऐका. बाहेर तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. तेहतीस वर्षं मी पदार्थविज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं की मुद्दाम दोनदा तोच रस्ता ओलांडायचो, मुलांना दिसावं म्हणून. कुणाच्या दुकानावर लिंबू-मिरची टांगलेली दिसली की ती भर बाजारात तोडून लिंबू तिथेच पिळून प्यायचो — दात आंबायचे, पण प्यायचो. असा मी. आणि आता ही गोष्ट — एकदाच झालंय हं असं, आयुष्यात एकदाच, हे आधी सांगून ठेवतो.

आम्ही तिघं मित्र. मी, नौतम शुक्ल — त्याचं अलंगला फोडलेल्या जहाजांच्या भंगाराचं दुकान आहे — आणि वजु. वजुभाई ठकरार. वजु जन्मला युगांडात, नाईलच्या काठी जिंजा म्हणून गाव आहे, तिथे. पंधरा वर्षांचा असताना तिथल्या सरकारने नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सगळ्यांना हाकललं, तेव्हा एका पेटीनिशी इथे आला आणि वर्गात माझ्या बाकावर बसला. तेव्हापासून आम्ही जिंजा ऐकतोय. जिंजाचे आंबे, जिंजाची नदी, आजोबांचं दुकान, दुकानावर माडी. आपल्याकडचा कुठलाही आंबा दिला तरी बरा आहे म्हणायचा, चांगला आहे असं काही म्हणायचा नाही. नौतम चिडवायचा, वजु, एकदा ते गाव दाखव नाहीतर त्याचं नाव तरी सोड. आणि दरवर्षी जाऊ-जाऊ म्हणत पन्नास वर्षं गेली. मग गेल्या दिवाळीत डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. बाजूचं सगळं गेलेलं, मधे एवढंसं उरलेलं, नळीतून बघावं तसं. डॉक्टर ओळखीचा, त्याने आडपडदा ठेवला नाही — म्हणाला, काय बघायचं असेल ते या हिवाळ्यात बघून घ्या. त्याच संध्याकाळी नौतमने तीन तिकिटं काढली. मी हो म्हटलं. नाही म्हणता येतं का अशा वेळी?

तर तिकीट मंगळवारचं. आणि मंगळवारी उत्तरेला दिशाशूळ, त्या दिशेला निघायचं नाही — हसू नका, मला पाठ आहे, विरोध करायचा तर पाठ असावं लागतं — आणि विमान अहमदाबादहून, म्हणजे आधी सरळ उत्तरेला. तुमच्या आईला विचारा, अशा वेळी काय करतात ते. पस्तानं ठेवतात. चांगल्या दिवशी, चांगल्या चोघडियावर, म्हणजे शुभ वेळ बघून, प्रवासातली एखादी वस्तू शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची, म्हणजे तुम्ही त्या दिवशीच निघालात असं झालं. मंगळवारी नुसती ती वस्तू उचलायची आणि पुढे व्हायचं. सुपारी, तांदूळ, एक नाणं, फडक्यात बांधून — बस. पण माझी बुद्धी पडली शास्त्रशुद्ध. मी विचार केला, करायचंच तर नीट करावं. सुपारी काय विमानात बसणार आहे? प्रवासाला खरं कोण निघतं? पासपोर्ट. आणि तिघांचेही पासपोर्ट माझ्याकडे, कारण तिघांत जबाबदार कोण, तर ओझासाहेब! रविवारी सकाळी तिन्ही फडक्यात बांधले आणि शेजारी मुक्ताबेनच्या देवघरात ठेवून आलो. मुक्ताबेन बोलणारी बाई नाही. म्हणूनच तर तिच्याकडे — म्हणजे त्या वेळी, त्या एका वेळी.

मंगळवारी सकाळी आठला गाडी दारात. नौतम पुढे बसलेला, मांडीवर गाठियांचा डबा. वजु मागे, नवा कोट घालून. मी म्हटलं आलोच, आणि मुक्ताबेनच्या दाराशी गेलो तर हे एवढं कुलूप. मुलगी महुव्याला, दिवस भरायला पंधरा दिवस बाकी होते, पण पहाटे फोन आला आणि बाई निघून गेली. मला कशाला उठवेल? ती फडकं विसरली असेल तर तिचा काय दोष. — आणि खरं सांगू? कुलूप बघितलं आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. हे कुठे बोलू नका. विमान कसं उडतं हे मी तेहतीस वर्षं फळ्यावर काढलं, पंखावरचा दाब, पंखाखालचा दाब, सगळे बाण बरोबर — आणि स्वतः कधी पाय ठेवला नव्हता. पंधरा रात्री झोप नव्हती मला. कुलूप दिसलं, मनात म्हटलं, चला, सुटलो.

मग सांगून टाकायचं ना? सांगून टाकलं असतं तर दहा मिनिटांत निकाल. पण गल्लीत माझे चार विद्यार्थी उभे, आम्हाला टाटा करायला आलेले. मी म्हटलं, पासपोर्ट बहुतेक झेरॉक्सवाल्याकडे राहिले. नौतम पळाला झेरॉक्सवाल्याकडे, दुकान बंद, त्याच्या घरी जाऊन त्याला उठवला. मग म्हटलं, बँकेत असतील. बँक साडेदहाशिवाय उघडत नाही. मग कपाट उपसलं, गादी उलटली, घामाघूम होऊन माळ्यावर चढलो — जिथे नाहीत हे मला पक्कं ठाऊक, तिथे तिथे जीव तोडून शोधलं. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. विमान साडेचारचं, अहमदाबाद चार तास, वर तिथे तीन तास आधी पोचा म्हणतात. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला. नौतम फोनवर विचारत होता, तिकीट पुढच्या महिन्यात फिरवता येईल का. पुढच्या महिन्यात! आणि वजु त्या पायरीवर बसलेला, तिथे, तुमच्या चपला आहेत तिथे. मी माळ्यावरून उतरलो तसा म्हणाला, इकडे ये. म्हणाला, "अनंत, तुझं तोंड मला आता धड दिसत नाही. पण आवाज कळतो. खोटं बोलतोयस तू. का बोलतोयस ते नको सांगू, पासपोर्ट कुठे आहेत तेवढं सांग."

सांगितलं. हळूच सांगितलं, पण नौतमचे कान! तो फुटला असता तर बरं, त्याने सरळ मुक्ताबेनला फोन लावला. गल्लीला ऐकू जाईल असा लावला, मुद्दाम. पलीकडून बाळ रडतंय, आणि बाई म्हणते, नात झाली हो साहेब. आणि मग म्हणते, "अगं बाई, तुमचं पस्तानं! देवघरात उजव्या हाताला, दर वेळी ठेवते तिथेच आहे. कुलूप फोडा खुशाल, पण चपला बाहेर काढा." दर वेळी! मग कुणीतरी हसलं, आणि मग कोण हसलं नाही ते विचारा.

हो — दर वेळी. आता लपवून काय उपयोग. आईने पहिल्यांदा ठेवलं, मी बडोद्याला शिकायला निघालो तेव्हा. सुखरूप परत आलो. मग निवडणुकीच्या कामाला गेलो तेव्हा, पेपर तपासायला राजकोटला गेलो तेव्हा, मुलाच्या लग्नाला सुरतेला — आणि तुमच्यासारखे लोक अंधश्रद्धेवर बोलायला बोलवायचे ना, जुनागढ, अमरेली, तेव्हासुद्धा. एकदा न ठेवता जाऊन बघायचं, तेवढा एक प्रयोग मी आयुष्यात केला नाही.

नौतमने स्कूटरवर जाऊन दुकानातून पहार आणली, पण कुलूप फोडायला लावलं मला. आठ घाव लागले, विद्यार्थी मोजत होते. कसे पोचलो विचारू नका. विमानतळावर आमच्या मागे रांगेत कुणी नव्हतं. आणि विमान उडालं तेव्हा मी डोळे मिटून वजुचा हात धरला, तो म्हणाला, घाबरू नको, पंखाखालचा दाब जास्त असतो.

जिंजात दुकान होतं. माडी होती. खाली कुणी एक बाई शिलाईची मशीन मांडून बसलेली, तिने खुर्ची दिली, पण वजु बसला नाही. वर सिमेंटमध्ये आजोबांचं नाव कोरलेलं — जीवराज ओधवजी, १९३८. वजुला ते एका नजरेत दिसेना, नळीच ना ती. मान हळूहळू सरकवत एकेक अक्षर वाचलं त्याने. शेवटचा आठ वाचून झाला, मग पुन्हा पहिल्यापासून. आम्ही दोघं उन्हात उभे. मी त्या वेळी नाव बघत नव्हतो, मी ते कुलूप बघत होतो. ते दीड तास बघत होतो. पस्तान्याने काही बिघडवलं नव्हतं हो, बिघडवलं होतं माझ्या अब्रूने.

आता त्याला काहीच दिसत नाही. होळीपासून. संध्याकाळी मी त्याला तळ्यापर्यंत फिरवून आणतो. चालता चालता तो मला जिंजा सांगतो, जसं काही मी तिथे नव्हतोच. आणि रोज थोडं वाढतं ते. परवा म्हणाला, माडीचा कठडा हिरवा होता. पांढरा होता. काल म्हणाला, दारात तुळस होती, बघितलीस ना रे, अजून कुणी तरी पाणी घालतंय तिला? नव्हती हो तुळस. सिमेंट होतं, आणि त्या बाईच्या चिंध्यांची टोपली. तेहतीस वर्षं ज्याने पोरांच्या प्रत्येक चुकीखाली लाल रेघ ओढली, त्याने काय सांगितलं असेल?

होती म्हटलं. चांगली हातभर वाढली होती म्हटलं.

चला, उठा आता, तो तयार होऊन बसला असेल. ते कार्ड घेऊन जा, आणि दार ओढून घ्या जाताना.