खलाशीकाकांचा अभिप्राय

छापणार नाही असं कुठे म्हटलं मी? छापते की! दुकान झेरॉक्सचं आहे, भजी-सामोशांचं नाही. मी फक्त एवढंच विचारलं, की चौदाशे पानं तुम्हाला स्वतःला हवीत, की कुणी पाठवलंय? — विचारावं लागतं हो, सेन्योरिता. अरेकिपात कोपऱ्याकोपऱ्यावर झेरॉक्सवाला बसलाय, बसस्थानकापासून इथवर येताना तुम्ही निदान वीस दुकानं ओलांडली असतील, आणि पेन ड्राइव्ह काढलात तो नेमका माझ्या टेबलावर. का? माझ्या तर पाटीचा रंगही उडालाय. — बरं, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. मशीन तापायला वेळ लागतो. तुम्ही इथल्या, पेरूच्या नाही ना? कळतं हो. शब्दांची शेपटं गिळता तुम्ही, चिलीतली माणसं गिळतात तशी. — चिलीच्याच? बघा. रात्रभर बसमध्ये बसून, सीमा ओलांडून, झेरॉक्स काढायला! तिकडे कागद संपला वाटतं.

नाही, रागावू नका. पण ताकाला येऊन भांडं लपवू नये माणसानं. मार्चमध्ये असाच एक टाय लावलेला इसम पलीकडच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे आला होता. गोड बोलला, पोराबाळांची चौकशी केली, 'मीठबेटं' नावाच्या त्या गाजलेल्या कादंबऱ्यांवर वाचकांनी रचलेल्या गोष्टी छापून घेतल्या, आणि आठ दिवसांत त्या बिचाऱ्याला प्रकाशन कंपनीची नोटीस! म्हणे मीठबेटं आमची, तिथले डोंगर आमचे, तिथले उडते मासे आमचे, त्यावर दुसऱ्या कुणी गोष्ट लिहायची नाही, लिहिलीत तर छापायची नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावलाय. असलं काही मी छापत नाही, वाचत तर मुळीच नाही. हे काय नाव — 'ओर्वा मेली नाही'? कोण ओर्वा? मला काय माहीत! त्या जाडजूड पुस्तकांत शेकड्यांनी माणसं मरतात, त्यात किल्ल्यातली एक स्वयंपाकीण तिसऱ्या पुस्तकात दीड ओळीत मेली, तर तिचं कोण लक्षात ठेवतंय?

काय? — मग मला कसं ठाऊक? अहो, छापताना डोळे बांधून घेते का मी! गिऱ्हाइकं येतात, शाळेतल्या मुली येतात, एक मुलगी तर दर शुक्रवारी नवं प्रकरण घेऊन यायची, तिच्या आजीला मोबाइलवर वाचता येत नाही म्हणून मोठ्या अक्षरात छापायचं. पानं लावता लावता एखादी ओळ दिसते, त्या ओळीवरून पुढची. शितावरून भाताची परीक्षा.

आणि खरं सांगू का, चांगलं आहे ते. म्हणजे लोक म्हणतात. ज्या बाईला मूळ लेखकानं दीड ओळीत मारून टाकलं, तिला ही लिहिणारी उचलते, म्हणते ती मेलीच नाही, पिठाच्या कोठीत दडून राहिली, आणि दोनशे बारा प्रकरणं तिला चालवते, भांडायला लावते, राजाला तोंडावर सुनवायला लावते. तिखट जिभेची बाई. मायाळू आहे, पण ते कुणाला दिसू देत नाही. — माझ्याकडे काय बघता? मशीनकडे बघा, कागद अडकला तर सांगा.

वाचणारेही काही कमी नाहीत. पण त्यांतले खरे किती, हे मला विचारा. ग्वायाकीलची एक आहे, इंटरनेटवर प्रकरण आलं रे आलं की पाच मिनिटांत हिचा अभिप्राय हजर — 'पहिली मी! रडले! बदाम बदाम बदाम!' अगं, पाच मिनिटांत वाचलंस केव्हा आणि रडलीस केव्हा? मला तिचा संशय येतो. फार गोड बोलते, नक्की स्वतःची गोष्ट वाचून घ्यायची असणार ओर्वा लिहिणारीकडून. आणि तो रोसारिओचा, चार वर्षं झाली, एकच शब्द — 'पुढे?' — जणू ओर्वा त्याची मोलकरीण! वाहवा कुणीही करतं हो. अभिप्राय द्यायचा तर कुठलं वाक्य आवडलं ते सांगा. कुठे थांबून पुन्हा वाचलं ते सांगा. बत्तिसाव्या प्रकरणात ओर्वा पिठावर बोटानं मुलीचं नाव लिहिते आणि लगेच त्यावरून लाटणं फिरवते — आता त्यावर 'छान' लिहायचं? त्यावर मी रात्री तीनदा लिहून तीनदा खोडलं, तेव्हा कुठे —

तेव्हा कुठे, म्हणजे कुणीही मन लावून वाचणारा असंच करेल, असं म्हणत होते मी.

दोन्ही बाजूंनी छापायचं म्हणालात ना? हो, लक्षात आहे, तीनदा सांगितलंत. कागद वाचतो, बरोबर. पण एवढं बजावून का सांगताय? एकही पाठ कोरी ठेवू नका — असं कोण म्हणतं झेरॉक्सच्या दुकानात? — हं. तिनंच असं सांगायला सांगितलं? ती म्हणजे कोण? नाही, नका सांगू. थांबा जरा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, सेन्योरिता. एका बाजूनं वापरलेला कागद फेकत नाही. कोऱ्या पाठीवर कच्च्या प्रती काढायच्या, गिऱ्हाइकालाही स्वस्त पडतं. सगळेच करतात. मीही करत होते. आणि माझी मुलगी — आहे मला एक मुलगी, यादिरा — तिची सुटी पानं, खोकी भरभरून, एका बाजूला बारीक अक्षर, दुसरी बाजू कोरी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, उडत्या माशांनी पोट भरत नाही. उचलली खोकी आणि ठेवली मशीनखाली. महिनाभर सगळ्या गल्लीच्या कच्च्या प्रती तिच्या गोष्टीच्या पाठीवर निघाल्या. पाण्याची बिलं, लग्नाचे दाखले, कुणाचा एक्स-रेचा अहवाल. मग एक दिवस फोर्तुनातोसाहेब, समोरच्या नोटरीकडचे कारकून, ते आले आणि हसत हसत तिला म्हणाले, 'काय गं यादिरा, माझ्या मृत्युपत्राच्या मागे कुणी तरी माशावर बसून चाललंय!' ती हसली नाही. पान हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं, आणि घडी घालून स्वतःच्या पिशवीत ठेवलं. भांडली असती तर बरं झालं असतं. दोन दिवसांनी चिलीला, अँतोफागास्ताच्या बसमध्ये बसली. चार वर्षं झाली.

मी वाईट आई नाही. म्हणजे आहे, पण तेवढी नाही. ती गेल्यावर उरलेली पानं मी वाचली — आधी पाठ वापरत होते, आता पोट वाचलं — आणि त्यात ही ओर्वा होती. पुढे सहा महिन्यांनी ती शाळेतली मुलगी प्रकरण छापायला आली, वर लिहिणारीचं नाव भलतंच काही तरी, पण ओर्वा तीच, तशीच डाव्या हातानं मीठ टाकणारी. मी गुपचूप त्याची एक जादा प्रत काढून ठेवली. आता काय करायचं? 'मी तुझी आई, फार छान लिहितेस' असं लिहायचं? तिनं त्याच दिवशी सगळं बंद केलं असतं. मग मी खलाशी झाले.

हसू नका. खलाशी, निवृत्त, कायाओ बंदर, गुडघेदुखी. नाव 'जुना खलाशी'. मी आयुष्यात बोटीत पाय ठेवलेला नाही! पण दर गुरुवारी प्रकरण येतं, दर गुरुवारी मी दुकानाचं अर्धं शटर ओढते आणि लिहिते. कुठलं वाक्य, का, कसं. आणि ती उत्तर देते. 'लाडके खलाशीकाका,' अशी सुरुवात करते. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढ्या वर्षांत मी स्वतःला कुठे उघडं पडू दिलं नाही. वादळाचं विचारलं, वादळाचं सांगितलं, शेजारच्या लायब्ररीतून बघून. फक्त एकदा, एकदाच, राहवलं नाही. जूनमध्ये. ओर्वा भरली मिरची करते — तिथे तिचं नाव काही तरी दुसरं आहे, पण आमची रोकोतोच ती, न उकळता खाल्ली तर माणूस नाचेल अशी तिखट — आणि ही बया लिहिते, की ओर्वानं मिरच्या एका पाण्यात उकळल्या आणि भरल्या. एका पाण्यात! अरेकिपाची मुलगी! राजासकट सगळा किल्ला मेला असता! मग मी लिहिलं, पोरी, तीन पाणी, दर पाण्याला साखर, आणि तिसऱ्यात बडीशेपेच्या दारूचं एक झाकण, नाहीतर बी काढली तरी तिखटपणा देठात राहतो. आता हे खलाशालाही ठाऊक असू शकतं. बोटीवर स्वयंपाक करतातच ना? मग? तुम्ही अशा का बघताय माझ्याकडे?

थांबा, किती पानं राहिलीत बघते. स्क्रीनवर — दोनशे दहा, दोनशे अकरा, दोनशे बारा… हे काय? दोनशे तेरा. नाही, हे नाही होऊ शकत. गेल्या गुरुवारी दोनशे बारावं आलं, आज मंगळवार. दोनशे तेरावं अजून जगात कुणीच वाचलेलं नाही. ते असेल तर एकाच माणसाकडे असेल.

तिनं पाठवलंय तुला.

फोन नको. आत ठेव तो. ठेव म्हणते ना! ऐक माझं, पोरी, तू तिची मैत्रीण असशील, एका खोलीत राहत असाल, भली मुलगी दिसतेस, पण मी आता जे बोलले त्यातलं अक्षरही तिला सांगायचं नाही. हात जोडते. आई म्हणून मला ती काय देते, ठाऊक आहे? नाताळला एक फोन. 'बरी आहेस?' 'बरी.' 'थंडी आहे?' 'आहे.' संपलं. दोघींनाही फोन कधी एकदा ठेवतो असं झालेलं. आणि खलाशीकाकांना ती पानभर लिहिते! खाणीच्या कॅन्टीनमध्ये काम लागलं ते मला खलाशी म्हणून कळलं. ऑगस्टमध्ये तिची अक्कलदाढ काढली, तीन दिवस ताप होता, उशाला कुणी नव्हतं, रात्री आईच्या हातच्या सूपची आठवण आली — हे तिनं एका अनोळखी म्हाताऱ्याला लिहिलं! मला नाही लिहिलं. मी इथे बसून वाचलं आणि खलाशी म्हणून उत्तर दिलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर म्हणून. खलाशीकाका गेला तर माझ्याकडे काय उरतं? 'बरी आहेस? बरी.' म्हणून म्हणते, तिला कळता कामा नये.

काय?

काय म्हणालीस? — केव्हापासून?

त्या मिरचीपासून. मुद्दाम? एका पाण्यात मुद्दाम उकळली तिनं? म्हणजे संशय होताच, आणि… अस्सं. माझ्यावरच गेली आहे, दुसरं काय. जळ्ळं मेलं ते बडीशेपेचं झाकण. माझ्या आईशिवाय अख्ख्या अरेकिपात कुणी घालत नव्हतं ते.

म्हणजे जून. जूननंतर किती गुरुवार झाले? — मोजू नकोस, मला माहीत आहेत. अठरा. अठरा वेळा तिनं 'लाडके खलाशीकाका' लिहिलं, आणि तिला माहीत होतं? गुडघ्याला शेक घ्या म्हणून लिहिलं, तेव्हाही? आणि ती दाढ — दाढ ऑगस्टमधली. जून आधी, ऑगस्ट नंतर. थांब, मला नीट लावू दे. जून आधी. ऑगस्ट नंतर.

दाढेचं तिनं मला सांगितलं. मलाच.

नाही, मी बरी आहे. पाणी नको. त्या टोनरच्या पावडरीनं डोळ्यांना होतं असं. हे घे, तुझ्या चौदाशे पानांचे बांधलेले तीन खंड, मधल्याची कड जरा तिरकी बसलीय, चालेल. आणि दोनशे तेराव्याची पानं वेगळी काढून ने, मला दाखवू नकोस, शेवटी काय लिहिलंय तेही सांगू नकोस. ते गुरुवारी यायचं आहे ना? गुरुवारीच येऊ दे. मी वाचेन, सगळ्यांबरोबर, त्या ग्वायाकीलवालीच्या पाठोपाठ, आणि मग लिहीन काय लिहायचं ते. — तिला काय सांगू म्हणतेस? सांग, बाईनं छापून दिलं. दोन्ही बाजूंनी. आणखी काही नाही. ऊठ आता. दुकान बंद करायचंय मला. — हो, भर दुपारी! माझं दुकान आहे. जा, आणि जाताना ते शटर पूर्ण ओढून घे, पोरी. बाहेरून.